वानर कोणीकडे पाहते आहे

ताडोबाच्या जंगलात वाघाला शोधत सहसा कोणी हिंडत नाही. मार्गदर्शक, जिप्सीचा चालक, पायी गस्त घालणारा वनरक्षक हे सगळे शोधत असतात ते वाघ ज्याच्या नजरेस पडला आहे अशा दुसऱ्या कोणाला तरी. बेहड्याच्या शेंड्यावर ताठ बसून एकाच दिशेला डोळे लावलेले वानर, चरता चरता थबकून कान ताणलेली चितळे, बांबूच्या आडून पाय आपटणारे सांबर यांपैकी कोणी दिसले की गाडीचे इंजिन बंद होते आणि सगळे कानांत प्राण आणून बसतात. पट्टेरी धूड प्रत्यक्ष आपल्याला दिसते तेव्हा ती बातमी बहुधा तिसऱ्या-चौथ्या हाती आलेली असते. आधी वाऱ्यावरून चितळाला त्याचा वास लागलेला असतो, मग वानराने त्याला पाहिलेले असते, मग मार्गदर्शकाने वानराला पाहिलेले असते, आणि मार्गदर्शकाच्या मानेचा कल पाहून आपण घाईघाईने दुर्बीण उचललेली असते. व्याघ्रदर्शन असे भारदस्त नाव आपण ज्याला देतो, त्यात आपला स्वतःचा वाटा किती थोडा असतो, हे मोहर्लीच्या एप्रिलमधल्या मुक्कामात मला फार जवळून पाहायला मिळाले.

चंद्रपूरहून मोहर्लीकडे निघालेला रस्ता जंगलात शिरण्याआधी दगडी कोळशाच्या मुलखातून जातो. दुर्गापूरच्या बाजूला महाऔष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसतात. २९२० मेगावॉट क्षमतेच्या या केंद्राला पाणी पुरते ते इरई धरणाचे, आणि त्याच धरणाचा जलाशय पुढे व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीत पसरलेला आहे. नंतर पद्मापूरच्या खुल्या खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर लागतात. कोळशाने माखलेल्या ट्रकांच्या मागून रखडत आलेली गाडी थोड्याच वेळात आगरझरीच्या सागबनात शिरते, आणि चंद्रपूरच्या वाघाविषयी जे काही बोलायचे ते या शेजाराला वगळून बोलता येत नाही, हे कोणी न सांगताच कळते.

ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. १९५५ मध्ये ताडोबा तलावाभोवतीच्या सुमारे ११६ चौरस किलोमीटर वनाला हा दर्जा मिळाला, १९८६ मध्ये दक्षिणेकडचे अंधारी अभयारण्य जाहीर झाले, आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे असून त्याच्या भोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा बफर आहे. त्या बफरमध्ये गावे आहेत, शेती आहे, मोहाची झाडे आहेत आणि वाघही आहेत. तलावाच्या काठी तारू या देवाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना मेलेल्या गोंड गावप्रमुखाला इथल्या लोकांनी देव मानले, अशी त्याची कथा आहे, आणि पौषात तिथे जत्रा भरण्याची रीत आहे. ज्या उद्यानात आपण वाघ पाहायला जातो त्याचे नाव वाघाच्या हातून मेलेल्या माणसाचे आहे, ही गोष्ट तिकीट काढताना कोणाच्या मनात येत नसावी.

गेटवरचा सकाळचा गलबला पाहण्यासारखा असतो. ओळखपत्रे तपासली जातात, मोबाईल बरोबर न नेण्याची तंबी मिळते, आणि पाळीने ज्याचा क्रमांक असेल तो मार्गदर्शक येऊन चालकाशेजारी बसतो. पर्यटकांपैकी निम्मे जण अंगावर पानाफुलांची नक्षी असलेले सैनिकी थाटाचे कपडे घालून आलेले असतात. जंगलाने आपल्याला ओळखू नये यासाठी एवढी तयारी केलेली ही मंडळी मग उघड्या जिप्सीत उभी राहून एकमेकांना हाका मारतात, तेव्हा त्या कपड्यांची कीव येते. मोबाईलबंदीवर बरीच कुरकुर ऐकू आली, पण माझ्या मते या जंगलातला तो सर्वांत शहाणा नियम आहे. वाघ कुठे बसला आहे ही वार्ता फोनवरून पसरली असती तर सगळ्या गाड्या एकाच वळणावर धडकल्या असत्या, आणि शिवाय ज्याच्या हातात फोन नाही त्याला निदान ऐकू तरी येते.

आमच्या पाळीला आलेल्या मार्गदर्शक मोहर्ली गावच्याच होत्या. पस्तिशीच्या आत-बाहेरच्या, खाकी गणवेश, केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात दुर्बीण. त्यांना सगळे ताई म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. मोहर्लीला मार्गदर्शक म्हणून काम करणाऱ्या बायका आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. या ताई बोलत फार थोडे. गाडी निघाल्यावर पहिल्या वळणापाशीच आमच्यातल्या एकाने दूरवरच्या ओढ्याकडे बोट दाखवून काहीतरी हलल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी तिकडे पाहिलेच नाही. त्या म्हणाल्या, "ओढ्याकडं नका पाहू जी, वानर कुकडं पाहून राहिलं ते पाहा." वानर आपल्या पिलाच्या डोक्यातल्या उवा वेचत होते. म्हणजे ओढ्यात कोणी नव्हते, आणि गाडी पुढे निघाली.

या एका वाक्यात जे शास्त्र आहे ते पुढच्या फेऱ्यांमध्ये हळूहळू उलगडत गेले. चितळ आणि वानर यांची जोडी इथे सतत दिसते. वानरे झाडावर बसून पाला-फळे खातात, अर्धी टाकून देतात, आणि खाली उभी असलेली चितळे ती आयती टिपतात. उन्हाळ्यात जमिनीवरचे गवत करपलेले असते तेव्हा हे वरून पडणारे खाणे त्यांना चांगलाच आधार देते. या शेजारात चितळाचे नाक वानराच्या कामी येते आणि वानराचे डोळे चितळाच्या. त्यात उंचीचा भाग तर आहेच, पण आणखीही एक गंमत आहे. हरणांच्या डोळ्यांना तांबडा आणि हिरवा यांतला भेद कळत नाही. आपल्याला झगझगीत केशरी वाटणारा वाघ चितळाच्या लेखी हिरव्या-मातकट झुडपाच्याच रंगाचा असतो, आणि पट्ट्यांमुळे त्याची कडही गवतात विरून जाते. वानराचे डोळे मात्र आपल्यासारखे तांबडा-हिरवा वेगळा ओळखणारे, त्याला तो केशरी दिसतो. म्हणून चितळाने हाक दिली आणि वानर गप्प राहिले तर अनुभवी मार्गदर्शक फारसे मनावर घेत नाहीत, पण वानराने शेंड्यावरून खाकरायला सुरुवात केली की चालक विचारायच्या आत चावी फिरवतो.

चितळाच्या हाकेची किंमत तशी कमीच. ते बिबट्याला ओरडते, रानकुत्र्यांना ओरडते, अजगरालाही ओरडते आणि कधी कधी नुसत्या हललेल्या सावलीलाही. सांबराचे तसे नाही. ते उगीच तोंड उघडत नाही, आणि उघडले की तो घुमणारा, एकदाच येणारा 'पाँक' ऐकून मार्गदर्शकांचे चेहरे बदलतात. सगळे जण या हाकांना 'कॉल' म्हणतात. समोरून दुसरी जिप्सी आली की दोन्ही गाड्या बाजूबाजूला थांबतात आणि चालकांची बोलणी होतात. "काही?" "तेलिया तळ्याले कॉल होते, मंग बंद झाले." "किती वेळ झाला?" "दहा मिन्टं." एवढ्यावर गाड्या आपापल्या वाटेने निघतात. कॉल बंद झाले म्हणजे वाघ बसला किंवा दूर निघून गेला, पुन्हा सुरू होतील ते कोणत्या बाजूने, वारा कोणीकडून आहे, जवळचे पाणी कुठे आहे, असा सगळा हिशेब चालकाच्या आणि ताईंच्या डोक्यात एकदमच चाललेला दिसे, आणि त्या हिशेबाचे उत्तर म्हणून गाडी एखाद्या अगदी निर्जन वाटणाऱ्या वळणावर जाऊन उभी राही. मागच्या बाकावरून मग "इथे का थांबलो?" असा प्रश्न येई. त्याचे उत्तर ताई देत नसत.

अभ्यासकांचे असे मत आहे की या हाका केवळ आपल्या कळपाला सावध करण्यासाठी नसतात, तर शिकाऱ्यालाही त्या ऐकवायच्या असतात. तू दिसला आहेस, आता तुझा डाव फसला, हे वाघाला कळले की तो बहुधा दडणे सोडून देतो आणि उघडपणे चालू लागतो. वाघाचे शिकारीचे बहुतेक प्रयत्न फसतात, आणि त्या फसण्यात या हाकांचा मोठा हात आहे. आपल्याला रस्त्यावरून डौलात चालत येणारा जो वाघ दिसतो, ज्याच्या राजेशाही चालीचे आपण इतके कौतुक करतो, तो पुष्कळदा नुकताच नजरेत पकडला गेलेला आणि म्हणून दडून राहण्यात काही अर्थ न उरलेला वाघ असतो.

मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने ठरावीक अंतरावर जुने दगडी खांब उभे आहेत. गोंड राजवटीतले म्हणून ते ओळखले जातात. या खांबांवरून दोर ओढलेले असत, राजाची स्वारी निघाली की दोर हलवून घंटा वाजवत आणि वर्दी पुढे पोचत असे, असे मार्गदर्शक सांगतात. ऐकीव गोष्ट आहे आणि ती किती खरी हे दगड सांगणार नाहीत, पण गोष्ट जोडणाऱ्याने जंगलातले वारंवार ऐकलेले काहीतरी तिच्यात घातले असावे असे मला ऐकताना वाटले. त्याच खांबांपैकी एकावर वानर बसले होते आणि ते आमच्याकडे पाहत होते.

एप्रिलचा पहिला पंधरवडा म्हणजे मोहाचा हंगाम. ऐन, धावडा, सालई निष्पर्ण उभे, करूची पांढरीफटक खोडे उन्हात चमकत असलेली, पळसाचा बहर ओसरलेला, आणि मोहाखाली मात्र पहाटेपासून टपटप चाललेली. मोहाची फुले रात्रीच्या शेवटच्या प्रहरापासून गळू लागतात आणि सकाळी झाडाखाली पिवळसर, रसदार, उग्र गोड वासाचा थर साचतो. चितळ, सांबर, रानडुक्कर, सगळ्यांनाच तो आवडतो, पण त्यावर खरा हक्क सांगते ते अस्वल. जामनीच्या अलीकडे सकाळी ताईंनी एकाएकी हात वर केला. जामनी म्हणजे पूर्वीचे गाव. पुनर्वसनात गाव उठले, आणि शेतांच्या जागी आता गवताचे मोठे कुरण झाले आहे. त्या कुरणाच्या कडेला मोहाचे झाड होते आणि झाडाखाली काळ्या केसांचा एक ढीग हलत होता.

वारा त्याच्याकडून आमच्याकडे होता, त्यामुळे त्याला आमचा पत्ता नव्हता. ते फुले खात नव्हते, तर हुंगत हुंगत ओढून घेत होते. नाक जमिनीला टेकलेले, लांब बाकदार नखांनी पाचोळा मागे सारलेला, आणि खालचा ओठ असा पुढे काढलेला की तो वेगळाच एखादा अवयव वाटावा. मोह संपल्यावर ते शेजारच्या वारुळाकडे गेले. दोन-तीन फटक्यांत वारुळाचा माथा फोडून त्याने तोंड आत घातले आणि मग जो आवाज सुरू झाला तो पन्नास-साठ पावलांवरून आम्हांला स्पष्ट ऐकू येत होता, लोहाराच्या भात्यासारखा, आत ओढ, बाहेर फुंक. आधी जोरात फुंकून माती उडवायची आणि मग वाळवी ओढून घ्यायची, अशी त्याची पद्धत असते. त्यासाठी त्याला नाकपुड्या मिटून घेता येतात आणि वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून वाळवी आत जाते. हे सगळे मी पुस्तकातून वाचलेले होते, पण माती झाडण्यासाठी ते मध्येच जे शिंकल्यासारखे करते आणि मग क्षणभर विसरल्यासारखे इकडेतिकडे पाहते, ते कोणी लिहिलेले नव्हते. पाठीवर वाळक्या काटक्या अडकल्या होत्या. छातीवरचा पांढुरका अर्धचंद्र, ते मागच्या पायांवर बसले तेव्हाच, एकदा दिसला.

आमच्या गाडीतल्या दोघांनी एव्हाना घड्याळे पाहिली होती. अस्वल छानच आहे, पण वेळ जातो आहे, असा सूर निघाला. ताईंनी मागे वळून पाहिले आणि म्हणाल्या, "वाघ परवडला जी, हे नाही परवडत. वाघ बाजूनं निघून जाते. हे अंगावरच येते." त्यांच्या बोलण्यात आम्हांला पटवण्याचा भाग नव्हता. पर्यटकांना जो प्राणी वाघाच्या वाटेतला थांबा वाटतो, त्याच्याविषयी गावात काय बोलले जाते तेवढे त्यांनी सांगितले होते. मोह वेचणारी माणसे आणि अस्वल दोघेही एकाच वेळी, उजाडण्याच्या सुमारास, एकाच झाडाखाली मान खाली घालून येतात. अस्वलाला ऐकू बेताचे आणि दिसते त्याहून बेताचे. दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागतो तेव्हा अंतर उरलेले नसते.

दुपारच्या फेरीत पांढरपवनीला कॉल झाले. ज्या पाण्याभोवती वनखात्याच्या नोंदीत टी-१२ असलेल्या आणि पर्यटकांनी माया म्हटलेल्या वाघिणीने वर्षानुवर्षे गाड्या थांबवल्या, ते हे ठिकाण. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तिचे अवशेष सापडले आणि जनुकीय तपासणीने ते तिचेच असल्याचे निश्चित झाले, तरी अजून कोणीतरी तिचे नाव काढतेच. आम्ही पोचलो तेव्हा आधीच बऱ्याच जिप्सी दाटीवाटीने उभ्या होत्या आणि मागून येणाऱ्या धुळीवरून आणखी येत असल्याचे कळत होते. वाघीण पलीकडच्या काठावरून उतरली. पाण्याशी आल्यावर ती वळली आणि पाठमोरी होऊन, मागचे पाय आधी, अशी सावकाश पाण्यात बसली. तोंडावर पाणी येऊ नये म्हणून वाघ असे करतात. पोटापर्यंत पाणी आल्यावर तिने डोळे अर्धवट मिटले. कानांच्या मागचे पांढरे ठिपके तेवढे अधूनमधून हलत होते, एक कान आमच्याकडे, दुसरा जंगलाकडे. कॅमेऱ्यांचा कडकडाट एखादा मिनिट चालला असेल तोवर तिने आमच्याकडे एकदाही पाहिले नाही. जिप्सी म्हणजे धोकाही नव्हे आणि खाद्यही नव्हे, हे तिने आईच्या मागे फिरत असतानाच शिकून घेतलेले असणार.

मला जास्त नवल वाटले ते चितळांचे. वाघीण पाण्यात बसलेली असताना, जेमतेम शंभर पावलांवर ती उभी होती, तिच्याकडे तोंड करून, आणि थोड्या वेळाने त्यांतली दोन चरायलाही लागली. दिसणारा वाघ त्यांना परवडतो. ताईही वाघिणीकडे पाहत नव्हत्या. त्या गाड्यांकडे पाहत होत्या आणि पाहता पाहता चालकाला म्हणाल्या, "माघारी घे. ती याच बाजूनं निघणार, तिचा रस्ता मोकळा ठेव." मागच्या बाकावरून लगेच विरोध झाला, कारण गाडी मागे घेतली तर समोरची जागा दुसरा घेणार होता आणि तसेच झाले. आमच्या जागी आलेल्या गाडीतल्या एका गृहस्थांच्या हातात हातभर लांबीचे कॅमेऱ्याचे भिंग होते. आमच्यातल्या एकाने ताईंना ऐकू जाईल अशा बेताने बक्षिसीचा विषय काढला.

हा दबाव क्षुल्लक नाही. २०२४ सालच्या अखेरच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली, चालक आणि मार्गदर्शक निलंबित झाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन त्या प्रकाराची दखल घेतली. कारवाई योग्यच होती. पण गाडी पुढे घ्या म्हणून पाठीमागून खांद्यावर थोपटणारे हात त्या चित्रफितीत कोणी शोधले नाहीत. मार्गदर्शकाची रोजी ठरलेली असते, तरी पर्यटक खूश होऊन गेला की नाही याचा त्याच्या दिवसाशी काय संबंध असतो हे गेटवर संध्याकाळी उभे राहिले तर समजते. वाघ दिसलेल्या गाडीतून उतरणारे हात खिशाकडे जातात. न दिसलेल्या गाडीतले लोक मार्गदर्शकाकडे न पाहता निघून जातात, वाघाने त्यांना न सांगता सुट्टी घेतली असावी अशा रागाने.

वाघीण खरोखरच आम्ही सोडलेल्या बाजूने निघाली. तिच्या अंगावरचे पाणी धुळीत गळत गेले. समोर आलेल्या गाडीमुळे तिला थोडे वळसा घालून जावे लागले, इतकेच.

त्या संध्याकाळी मुक्कामावर कॉलविषयी बोलणे निघाले तेव्हा मनात एक साधी गोष्ट आली, आणि ती नंतर जाईना. वानर शेंड्यावरून खाकरते तेव्हा त्याच एका आवाजावर दोन प्रकारची माणसे हालचाल करतात. जिप्सी आवाजाच्या दिशेने जाते आणि बफरमध्ये मोह वेचणारी बाई आवाजापासून दूर जाते. ताईंना ही भाषा कोणत्या प्रशिक्षणात मिळालेली नाही. प्रशिक्षणात पक्ष्यांची नावे, नियम, पर्यटकांशी कसे बोलावे हे शिकवले असेल. कॉल कळणे हे त्यांना गावातच, मोह आणि तेंदूपाने गोळा करण्याच्या वयापासून आलेले आहे आणि ते येण्यामागचे कारण वाघ दिसावा हे नव्हते. वाघ टाळण्यासाठी जे ज्ञान पिढ्यान् पिढ्या जमले, तेच आता वाघ गाठून देण्यासाठी तिकिटावर मिळते. यात वाईट काही आहे असे मला म्हणायचे नाही. त्या ज्ञानाला प्रथमच रोख मोल आले आहे आणि गणवेशही. फक्त आपण ज्याचे पैसे मोजतो त्याची किंमत कुठे आणि कशी चुकती झालेली आहे, हे ठाऊक असलेले बरे.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये व्याघ्रगणनेच्या खुणा टिपत पायी निघालेली एक महिला वनरक्षक याच जंगलात वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. बफरमधल्या आणि त्यापलीकडच्या ब्रह्मपुरी वनविभागातल्या गावांना अशा बातम्या दरवर्षी ऐकाव्या लागतात, आणि त्या मोहाच्या, तेंदूच्या आणि धानकापणीच्या दिवसांत वाढतात. वाकून काम करणारा माणूस मागून पाहिला तर माणसासारखा दिसत नाही, हे त्यातले एक कारण जाणकार सांगतात. उभ्या माणसापासून वाघ बहुधा दूर राहतो. वाकलेल्या, गवतात अर्धवट दिसणाऱ्या आकृतीबद्दल त्याची खात्री तशी नसते. २०२२ च्या गणनेत देशात ३६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला तेव्हा आपण सर्वांनी आनंद मानला, मीही मानला. त्या ४४४ मधला मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा आहे, आणि त्यातले पुष्कळ वाघ राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर, गावांच्या शिवारात फिरतात. सरपणासाठी जंगलात जावे लागू नये म्हणून गॅसच्या शेगड्या देण्यात आल्या आहेत, गावागावांत प्राथमिक प्रतिसाद दलाचे तरुण नेमले आहेत. बफरमधल्या सीतारामपेठला अलीकडे गावाच्या कडेने कॅमेऱ्यांची एक यंत्रणा उभी केली आहे. वाघ किंवा बिबट्या गावाकडे येताना दिसला की ती ओळखते आणि वर्दी देते. वानराचे काम यंत्र करू लागले आहे, आणि ते रात्रीही जागे राहते, ही वानरापेक्षा त्याची जमेची बाजू. गॅस मात्र मोहाची फुले गोळा करून देत नाही, आणि मोहाचे पैसे घरात येतात ते नेमके पेरणीच्या खर्चाआधी.

शेवटच्या सकाळी वाघ दिसला नाही. तलावाच्या काठावर एक मगर तोंड उघडे टाकून ऊन खात पडली होती, तिच्याकडे आम्ही बराच वेळ पाहिले. रानकुत्र्यांची टोळी रस्ता ओलांडून गेली, त्यांतले शेवटचे मध्येच थांबून आमच्याकडे बघून गेले. गव्यांचा कळप बांबू मोडत निघाला होता आणि त्यातल्या बैलाच्या पायांतले पांढरे मोजे धुळीने तांबूस झाले होते. मागच्या बाकावरचे दोघे झोपले होते.

गेटवर परतल्यावर ताई नोंदवहीत सही करून आल्या. मी त्यांना विचारले की मोह वेचायला त्या अजून जातात का. "जातो न जी," त्या म्हणाल्या, "मंगळवारी गेट बंद असते, तवा जातो. माझी जाऊ असते, शेजारच्या दोघी-तिघी असतात. एकटं कोणी जात नाही." मग वेचताना लक्ष कोण ठेवते, असे मी विचारले. "एक जण उभी राहते. वाकाचं नाही, बसाचं नाही, वानरं काय करून राहिले ते पाहाचं. पाळी लावली हाय." उभी राहणारीची टोपली रिकामीच राहत असेल, असे माझ्या तोंडून निघाले. त्यावर त्या हसल्या. "रिकामी कशी राहीन? निघताना सगळ्या जणी आपल्यातला एक एक पसा तिच्या टोपल्यात टाकतो. कधी कधी तिचाच जास्त होते, मंग दुसऱ्या दिवशी उभं राहाले भांडण लागते."